मोरसला गेलेला धोंडू आणि नौपाड्यातील एक वंशसंशोधन सेवा

आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचे वाढतात. ते कोणाचे, असे लहानपणी विचारले की आजी "मोरसवाल्याचे" एवढेच म्हणत असे. पुढे कळले ते असे की पणजोबांचे थोरले भाऊ धोंडू संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावातून तरुणपणी निघून मुंबईला गेले, तिथून जहाजावर चढले आणि परत आले नाहीत. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरून येणाऱ्या पांढऱ्या साखरेला जुनी माणसे मोरस साखरच म्हणत, त्यामुळे आजीला ते नाव परके नव्हते. तो देश कुठे आहे हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नव्हते. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही त्यांचे श्राद्ध सर्वपित्रीला करतात, म्हणून धोंडूंचे पान त्या दिवशी. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, तेव्हा या माणसाचे पुढे काय झाले हे कागदपत्रांतून शोधावे असे मी ठरवले आणि त्यासाठी ठाण्यातील एका वंशसंशोधन सेवेची मदत घेतली. त्या सेवेचा सात महिन्यांचा अनुभव इथे सविस्तर लिहितो आहे, कारण असे काम करणारी माणसे थोडी आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत त्यांना काय विचारावे हेही बहुधा ठाऊक नसते.

ही सेवा चालवणाऱ्या बाई पूर्वी शिक्षिका होत्या. नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्या काम करतात, एक तरुण सहायक त्यांच्या हाताखाली आहे आणि दारावर पाटी नाही. एका वेळी चार-पाच घराण्यांपेक्षा जास्त कामे त्या घेत नाहीत, आणि आपले नाव छापून येऊ नये असे त्यांनी मला आवर्जून सांगितले, म्हणून ते इथे देत नाही. ठाण्यात मोडी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींत चौकशी केली तर त्यांच्यापर्यंत पोहोचता येते; मीही तसाच पोहोचलो. माझे मत आधीच सांगतो. ज्याला आपल्या पूर्वजाबद्दल खरे काय ते कळावे असे वाटते त्याने इथे जरूर जावे. ज्याला घराण्याचा थोरपणा सिद्ध करून हवा आहे त्याने जाऊ नये.

हा फरक मला अनुभवाने कळला होता. दोन वर्षांपूर्वी नवी मुंबईतील एका व्यावसायिक संस्थेकडून मी कुलवृत्तान्त करून घेतला होता. पंधरा हजार रुपये भरल्यावर आठ दिवसांत एक मोठा रंगीत तक्ता घरी आला. त्यात आमचे घराणे चौदा पिढ्यांपर्यंत मागे नेलेले होते, वरच्या टोकाला एक सरदार होता, आणि एकाही नावाला कागदाचा आधार नव्हता. धोंडूंचे नाव तर त्यात नव्हतेच, वास्तविक मी पहिल्याच पत्रात तेच विचारले होते. तो तक्ता मी नौपाड्याला नेला तेव्हा बाईंनी त्यावर काहीही टीका केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "यातले कोणते नाव तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकले आहे?" मी पणजोबांपर्यंतची नावे सांगितली. त्यांनी पेन्सिलीने तिथे एक रेघ ओढली आणि "मग आपण इथून सुरुवात करू," असे म्हणाल्या.

पहिल्या भेटीत त्यांनी काय आणायला सांगितले ते नोंदवून ठेवण्यासारखे आहे. वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जमिनीचा सातबारा, त्यावर ज्यांचे क्रमांक दिसतात ते सगळे फेरफार, घरातील जुन्या पत्रिका, पोस्टाची पाकिटे, देवघरामागे किंवा ट्रंकेत पडलेला कोणताही मोडी कागद, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीची भेट. आमच्याकडे ती व्यक्ती म्हणजे माझी आत्या. तिचे वय अठ्ठ्याऐंशी, ती ऐरोलीला मुलाकडे राहते. बाई स्वतः ऐरोलीला आल्या आणि दोन तास तिच्याजवळ बसल्या.

त्या दोन तासांसाठीच मी त्यांची फी आनंदाने दिली असती. त्यांनी एकदाही "कोणत्या साली?" असे विचारले नाही. तुमच्या आजीचे माहेर कोणते, लग्नात मामा कोण होता, गावच्या घराच्या कोणत्या बाजूला कोणाची चूल होती, कोणत्या शेताला काय म्हणत, असे त्या विचारत गेल्या आणि आत्या कोकणातल्या बोलीत बोलत गेली. शेतांची नावे सांगता सांगता ती मध्येच म्हणाली, "आनि एक मोरसाचा कुनगा होता, व्हाळाकडंचा." कुणगा म्हणजे भाताचे लहानसे शेत, व्हाळ म्हणजे ओढा. सत्तर वर्षांत हे नाव आमच्यापैकी कोणी ऐकले नव्हते. मी एकदम पुढे सरकलो. बाईंनी हाताने मला थांबवले आणि अगदी सावकाश विचारले, "तसं नाव का पडलं, बाय?" आत्याने बराच विचार केला. "तेचाच पैका आला असंल," ती म्हणाली, "न्हाईतर तो गेला तवा तेचा हिस्सा म्हनून ठेवला असंल. मला काय ठावं न्हाई." बाईंनी दोन्ही शक्यता वहीत लिहून घेतल्या, एकीखाली दुसरी, आणि एकीवरही खूण केली नाही.

गावच्या कागदांचे काम त्यांनी पुढच्या दोन महिन्यांत केले. ज्यांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे त्यांनी एक अडचण आधीच समजून घ्यावी. तिथली पुष्कळ गावे खोती होती, म्हणजे गावचा वसूल गोळा करून सरकारात भरण्याचे काम खोताकडे असे. सरकारी वसुलाशी खोताचा संबंध, जमीन कसणारे कूळ त्याच्या मागे झाकलेले, त्यामुळे १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याच्या आधीचा कागद शोधताना आपल्या माणसाचे नाव जमीनमालक म्हणून सापडण्याची शक्यता कमी. बाईंनी म्हणूनच सातबारावरून मागे जाण्याऐवजी बोटखत शोधले. खोती गावांतील कुळांची आणि त्यांच्या कब्जातील जमिनींची ही जुनी नोंद मोडीत आहे. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना नंबर १४ आणि कोतवाल बुक त्यांनी पाहिले. हे कागद पूर्वी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाठोड्यांत पडून असत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील पुष्कळ नोंदींच्या प्रती त्यानिमित्ताने संकेतस्थळांवर आल्या. हेतू वेगळा होता, पण पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला त्याचा फार मोठा उपयोग झाला आहे, असे बाई सांगतात.

मोडी वाचन म्हणजे काय हे मी त्यांच्या टेबलाशेजारी बसून पाहिले. बोटखताच्या पानाची छापील प्रत त्यांनी दिव्याखाली ठेवली. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतली होती आणि मग हात न उचलता तिला अक्षरे लटकवत नेली होती. शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो याची खूण नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बाईंनी पानाच्या मधल्या एका ओळीवर पट्टी ठेवली आणि मला म्हणाल्या, "हा 'बिन' आधी ओळखा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. तो सापडला की डावीकडे मुलगा आणि उजवीकडे बाप." तिसऱ्या प्रयत्नात मला तो 'बिन' दिसला. त्याच्या डावीकडे राणू, उजवीकडे बाळू. राणू बिन बाळू, माझे पणजोबा. त्यांच्या नावाचा कागद मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. मला काही बोलता येईना. बाई स्वयंपाकघरात पाणी आणायला गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या, हे त्यांनी मुद्दाम केले असावे असे आज वाटते.

बोटखतात राणू होते, धोंडू नव्हते. ती नोंद १८८० च्या दशकातली, म्हणजे धोंडू गेल्यानंतरची. व्हाळाकडचा कुणगा राणूंच्याच नावे दिसतो, पण 'मोरसाचा' हा शब्द कागदावर कुठे नाही. धोंडू नावाचा माणूस खरोखर होता याचा पहिला लेखी पुरावा गावात सापडला नाही, तो नाशिकला सापडला. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. आपल्या घराण्यातील कोणी तीर्थाला गेले असेल तर त्याच्या सांगण्यावरून वाडवडिलांची, भावांची, मुलांची नावे तिथे लिहिलेली असतात. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय आपली चोपडी काढतात. हे काम बाई करत नाहीत. घरच्या माणसानेच जावे असा त्यांचा आग्रह असतो आणि तो योग्य आहे. मी आणि माझा पुतण्या गेलो. आजोबा १९३० च्या दशकात तिथे गेले होते. त्यांच्या नोंदीत त्यांचे आजोबा बाळू, आणि बाळूंचे पुत्र धोंडू, राणू, असे स्पष्ट बाळबोध (देवनागरी) अक्षरात लिहिलेले होते. राणूंच्या पुढे बायको-मुलांची नावे आहेत. धोंडूंच्या पुढची जागा कोरी आहे.

आता मॉरिशस. इथे थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे, कारण बाईंनी मला ती आधी समजावून दिली नसती तर पुढचे कागद मला कळलेच नसते. मॉरिशसमध्ये १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. तिच्या आदल्या वर्षापासूनच उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलास या जहाजातून ३६ मजूर उतरले, आणि तो दिवस आज तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. त्यानंतरच्या आठ-नऊ दशकांत सुमारे पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. १८४९ मध्ये तिथे बांधलेल्या मजुरांच्या छावणीला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. बहुतेक मजूर कलकत्ता आणि मद्रासहून गेले. मुंबईहून गेलेले तुलनेने थोडे, पण त्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसे पुष्कळ होती. दरमहा पाच रुपये आणि शिधा, करार ठरावीक वर्षांचा, आणि एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तो सौदा होता. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, गणेश चतुर्थीची सुट्टी साऱ्या देशाला असते, आणि त्या दिवसांत जी झाकरी म्हणतात ती आपली जाखडीच, म्हणजे कोकणातला गाण्यावरचा नाच. बाईंनी मला तिचे ध्वनिमुद्रण ऐकवले. शब्द निम्मेच कळले, ठेका पूर्ण कळला.

या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. भारत आणि मॉरिशस यांच्या सहकार्याने १९७० मध्ये ही संस्था उभी राहिली. उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळत असे. तो क्रमांकच पुढे त्याची खरी ओळख ठरे आणि त्याच्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते लिहिले जाई. पुढे तो मेला किंवा परत गेला तर त्याची टीपही पुष्कळदा तिथेच सापडते. १८६० च्या दशकापासून मजुरांची छायाचित्रेही काढली जाऊ लागली, कारण १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे सक्तीचे केले. ते तिकीट पोलिसांना दाखवता आले नाही तर भटक्या ठरवून पकडत. माणसाला जखडून ठेवण्यासाठी लिहिलेल्या या वह्यांमुळेच आज त्याच्या घरच्यांना त्याचा पत्ता लागतो, हे मला ते कागद हाताळताना सारखे जाणवत होते.

बाईंचे खरे कौशल्य इथे दिसले. इंग्रजी किंवा फ्रेंच कानाच्या कारकुनाने कोकणी उच्चार रोमन अक्षरांत उतरवला की धोंडूचा डोंडू होतो, दुंदू होतो, धुंडिया होतो. संगमेश्वरची तर ओळखच राहत नाही. त्यांनी धोंडू या नावाची नऊ, बाळूची सहा आणि गावाच्या नावाची अकरा संभाव्य रूपे लिहून काढली. रत्नागिरी जिल्ह्याबरोबर सावंतवाडीही घेतली, आणि तिकडच्या एका संशोधकाच्या मार्फत १८६० ते १८६६ या काळातील मुंबईहून गेलेल्यांच्या नोंदी पाहून घेतल्या. ही वर्षेही अंदाजाने घेतलेली नव्हती. पणजोबांचे वय, त्यांचे लग्न, आजोबांचा शाळेच्या दाखल्यावरील जन्म आणि "पणजोबा मिसरूड फुटायच्या आत भाऊ गेला" हे आजीचे वाक्य, यांवरून त्यांनी ती काढली होती.

दोन धोंडू सापडले.

पहिला १८६४ मध्ये उतरलेला, वय बावीस, बापाचे नाव बाळू, जिल्हा रत्नागिरी, गावाचे नाव शाई पसरल्याने वाचता येत नाही, शेवटची दोन अक्षरे जुळण्यासारखी. उजव्या भुवईवर व्रण. बेटाच्या पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर भागातील एका मळ्यावर रवानगी, आणि पुढे एप्रिल १८६७ मध्ये मृत्यू. त्या वर्षी मॉरिशसमध्ये हिवतापाची भयंकर साथ होती. १८६६ ते १८६८ या काळात तिने हजारो माणसे नेली, आणि त्यांत मळ्यांवरचे मजूर फार होते. छायाचित्र नाही. दुसरा १८६५ मध्ये उतरलेला, वय चोवीस, बापाचे नाव 'बाल्या' किंवा 'बाळा' असे वाचता येईल असे, जिल्हा सावंतवाडी. त्याने करार पुरा केला, तिथेच लग्न केले, जमीन घेतली, आणि त्याचे वंशज आज तिथे आहेत. धोंडू हेच त्यांचे आडनाव झाले आहे. तिकडे असे पुष्कळ घडले. भिवा, सखाराम अशी पाळण्यातली नावे कारकुनाच्या वहीत बापाचे नाव म्हणून शिरली आणि तीच पिढ्यांना चिकटली.

मला दुसरा धोंडू हवा होता, हे मी लपवत नाही. त्याने पैसे पाठवले असतील, त्यातून कुणगा घेतला असेल, आणि त्याची खापरपणतवंडे माझी भावंडे ठरली असती. मी बाईंना बरेच समजावून पाहिले. आमच्या गावापासून सावंतवाडी संस्थानची हद्द काही परदेशात नाही, माणूस वाटेत तिकडे राहून पुढे गेला असेल, कारकुनाने चुकीचे लिहिले असेल, असे सगळे बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते घडू शकतं. पण ते घडलं असं सांगणारा कागद माझ्याकडे नाही, आणि तिकडच्या त्या कुटुंबाला मी उगाच एक गाव देणार नाही. त्यांचंही कोणीतरी इथे शोधत असेल." त्यांच्याकडे मॉरिशसहून उलट दिशेनेही विचारणा येतात. तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मिळावे अशी तरतूद मार्च २०२४ मध्ये जाहीर झाली आहे आणि तेव्हापासून कोकणातले गाव नेमके कोणते हे विचारणारी पत्रे वाढली आहेत, असे त्या म्हणाल्या. चुकीचे गाव दिले तर दोन घराण्यांच्या कागदांत ते कायमचे रुजते.

त्यांचा अहवाल चोवीस पानांचा आहे. प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक शेरा आहे: सिद्ध, संभाव्य, किंवा ऐकीव. धोंडू राणूचा भाऊ होता हे सिद्ध. १८६४ चा मजूर म्हणजे तोच धोंडू हे संभाव्य, आणि त्याखाली अनुकूल मुद्दे चार, प्रतिकूल मुद्दे दोन. प्रतिकूलांत कुणग्याचे नाव आहेच: तीन वर्षांत मेलेल्या मजुराने शेत घेण्याइतके पैसे पाठवले असतील का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षाला विचारला आहे. १८६५ च्या मजुराबद्दल "जुळत नाही" असे सरळ लिहिले आहे. प्रत्येक मोडी ओळीची प्रत, तिचे बाळबोध लिप्यंतर आणि आजच्या मराठीतला अर्थ असे तिन्ही एकाखाली एक दिलेले आहे, त्यामुळे उद्या दुसऱ्या कोणा जाणकाराला त्यांचे वाचन तपासून चुकीचे ठरवायचे असेल तर तेही करता येईल.

आता उणिवा. काम चार महिन्यांत होईल असे सांगितले होते, त्याला सात लागले, आणि मधले सहा-सात आठवडे माझ्या निरोपांना उत्तरच आले नाही. तिकडून कागद यायचे होते हे नंतर कळले. एका ओळीत तेव्हाच कळवले असते तर माझ्या जिवाची घालमेल झाली नसती. पहिला अंदाज चौदा हजारांचा होता, एकूण खर्च एकवीस हजार पाचशे झाला. वाढीव रक्कम नकलांची फी, प्रवास आणि मॉरिशसमधील संशोधकाचे मानधन यांची होती आणि ती वाजवी होती याबद्दल मला शंका नाही, पण प्रत्येक टप्प्यावर आधी विचारून मगच पुढे जायला हवे होते. पावत्या मागितल्यावर मिळाल्या. मॉरिशसचा भाग अहवालात इंग्रजीतच राहिला आहे. माझ्या आत्याला तो वाचून दाखवताना मला प्रत्येक वाक्य मराठीत आणावे लागले, आणि ज्यांच्या घरी असे करणारे कोणी नाही त्यांचे काय, हे मी बाईंना बोलून दाखवले. पुढच्या अहवालांत मराठी सारांश जोडण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

जिने चढणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी त्या घरी येतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. ज्यांचे काम फक्त जातीच्या दाखल्यासाठी एखादी नोंद शोधण्याचे आहे त्यांनी इथे येऊ नये, असे त्या स्वतःच सांगतात, कारण ते तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर थोड्या खटपटीने होते. ज्यांचा पूर्वज पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर किंवा एडनला गेला अशांची कामेही त्यांनी घेतली आहेत, पण तिथल्या नोंदी मॉरिशसइतक्या तपशीलवार नसल्याने त्या आधीच सावध करतात. जाण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मोबाइलवर नोंदवून ठेवा. आत्या गेल्या पावसाळ्यात आजारी पडली आणि आता तिला शेतांची नावे सलग सांगता येत नाहीत. तो कुणगा आता फक्त बाईंच्या वहीत आणि आत्याच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात राहिला आहे.

अहवाल मिळाला तेव्हा पितृपक्ष जवळ आला होता. मृत्यूची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली, म्हणजे चैत्र शुद्ध पक्षातली. पुतण्याने जुन्या पंचांगावरून तिथीही काढून आणली आणि यंदापासून धोंडूंचे पान त्यांच्या तिथीला वाढावे असे सुचवले. मी अहवाल आत्यापुढे ठेवला आणि संभाव्य या शब्दाचा अर्थ तिला समजावून सांगितला. तिने भुवईवरच्या व्रणाचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "तो आपलाच असंल तर तेच्या तिथीला वाढा. नसंल तर आपला उपाशी ऱ्हायला नको, म्हनून सर्वपित्रीलाबी वाढा."

यंदा आम्ही दोन्ही दिवशी वाढले.